आधी स्कॅन, मग स्टेंट: यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या ऑपरेशनला सामोरं जाताना

बाबांच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला तेव्हा आमच्या घरात 'अँपुला' हा शब्द कुणी ऐकलेलाही नव्हता. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी एकत्र येऊन लहान आतड्यात जिथे उघडतात, ते तोंड म्हणजे अँपुला. बाबांना तिथे गाठ होती. निदान, फसलेली सुरुवात, सहा आठवड्यांची सक्तीची वाट, व्हिपल नावाचं मोठं ऑपरेशन आणि त्यानंतरचं वर्ष, हे सगळं मी त्यांच्या उशाशी बसून पाहिलं. मी डॉक्टर नाही, आणि तुमच्या रुग्णाचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण या आजारांत कशानंतर काय करायचं याला फार महत्त्व असतं, आणि तो क्रम आम्हाला उशिरा कळला. तुम्हाला तो आधी कळावा म्हणून हे लिहिते आहे.

१. खरी घाई कुठे आहे ते ओळखा

काविळीचे ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवा. एकात यकृतालाच सूज असते. दुसऱ्यात यकृत पित्त तयार करतं, पण वाट तुंबल्यामुळे ते आतड्यात उतरत नाही. तुंबलेल्या काविळीत लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट पांढरा होतो आणि अंगभर खाज सुटते. बाबा रात्री दोन वाजता दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे असायचे. अंगावर पित्त उठलं असेल, असं समजून आम्ही ॲलर्जीच्या गोळ्यांवर दोन आठवडे घालवले. शौचाचा रंग विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

अशा काविळीत बहुतेक वेळा नीट तपासण्या करायला काही दिवस मिळतात. पुढील लक्षणं असतील तर मात्र थांबू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा:

- काविळीबरोबर थंडी वाजून ताप आणि पोटात उजवीकडे वर दुखणं. हा पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो काही तासांत रक्तात पसरतो.
- गुंगी किंवा असंबद्ध बोलणं.
- रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली आणि शौच फिकट असेल, तर 'अंगावरच्या दुधामुळे असेल' म्हणून वाट पाहू नका. बिलिअरी अट्रेझिया या आजारात बाळाच्या पित्तनलिका बंद होत जातात. मोरिओ कासाई या जपानी सर्जननी १९५० च्या दशकात शोधलेलं ऑपरेशन त्यावर केलं जातं, आणि बाळ ६० दिवसांचं होण्याआधी ते झालं तर यशाची शक्यता जास्त असते. इथे एकेक आठवडा मोलाचा असतो.

२. नळी टाकण्याआधी स्कॅन पूर्ण करा

या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

बाबांचं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा, ९ होतं. पहिल्या रुग्णालयात दुसऱ्याच दिवशी सकाळी ईआरसीपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत प्लॅस्टिकची नळी, स्टेंट, बसवला. हेतू चांगला होता: कावीळ उतरावी. संध्याकाळी बाबांच्या पोटातून पाठीपर्यंत कळ गेली. स्वादुपिंडाला सूज आली होती. ईआरसीपीनंतर हे होऊ शकतं, आणि संमतीपत्रात ते लिहिलेलंही होतं. सीटी स्कॅन काढला तो त्यानंतर. रिपोर्टमध्ये लिहून आलं की आजूबाजूच्या सुजेमुळे आणि मध्ये असलेल्या स्टेंटमुळे गाठीची हद्द नीट सांगता येत नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे की मोकळी आहे, यावर ऑपरेशनचा सगळा निर्णय अवलंबून होता, आणि नेमकं तेच दिसत नव्हतं. सूज ओसरेपर्यंत सहा आठवडे गेले.

तातडीचा जंतुसंसर्ग नसेल तर साधारण क्रम असा असायला हवा:

1. सोनोग्राफी. नळ्या फुगल्या आहेत का आणि अडथळा साधारण कुठे आहे, ते हिच्यात कळतं.
2. शिरेतून औषध देऊन, वेगवेगळ्या टप्प्यांवर चित्रं घेणारा सीटी स्कॅन. अडथळा स्वादुपिंडाजवळ असेल तर 'पॅन्क्रियाज प्रोटोकॉल' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, तपासलं जातं. रुग्ण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असेल तर ते आधीच सांगा.
3. एमआरसीपी. एमआरआयच्या यंत्रावर नळ्यांचा पूर्ण नकाशा मिळतो. शरीरात काही घालावं लागत नाही.
4. गरज असेल तर एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी, आणि त्यातूनच सुईने तुकडा, म्हणजे बायोप्सी.
5. हे सगळं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी पाहिल्यावर, स्टेंट हवा की नको याचा निर्णय.

प्रत्येकाला स्टेंट लागतोच असं नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, स्वादुपिंडाच्या डोक्याशी, म्हणजे लहान आतड्याकडच्या टोकाशी, गाठ आणि कावीळ असलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. आधी स्टेंट आणि मग ऑपरेशन झालेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली, थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. त्या चाचणीत बिलिरुबिन साधारण १४.६ पर्यंत असलेले रुग्ण होते आणि स्टेंट प्लॅस्टिकचे होते. आता धातूचे स्टेंटही वापरतात. जंतुसंसर्ग असेल, बिलिरुबिन फारच चढलं असेल, आधी केमोथेरपी द्यायची असेल किंवा यकृताचा मोठा भाग काढायचा असेल, तर पित्त आधी बाहेर काढावंच लागतं. म्हणून स्टेंटला घाबरू नका. फक्त विचारा: "ही नळी कशासाठी? सगळे स्कॅन झालेत का? ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी ते पाहिलेत का?"

स्टेंट टाकलाच, तर तो प्लॅस्टिकचा की धातूचा आणि कोणत्या तारखेला टाकला, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो. विसरलेला स्टेंट तुंबतो आणि थंडी-तापाने रुग्णालयात परत आणतो.

३. आजाराचं पूर्ण नाव कागदावर मागा

'गाठ आहे' हे निदान नव्हे. गाठ कुठे आहे, कशाची आहे आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांशी तिचं नातं काय, या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ऑपरेशनची तारीख ठरवू नका. या भागातले दुर्मिळ आजार एकमेकांसारखे दिसतात आणि त्यांचे उपाय मात्र टोकाचे वेगळे असतात.

कोलेडोकल सिस्ट म्हणजे जन्मतः फुगलेली पित्तनलिका. १९७७ मध्ये जपानी सर्जन तोदानी यांनी केलेल्या वर्गीकरणात तिचे पाच प्रकार आहेत. फुगलेल्या भागाच्या अस्तरात पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात तो भाग काढून वरच्या नळीला आतड्याचा भाग जोडतात. पूर्वी कधी सिस्ट तशीच ठेवून नुसती आतड्याला जोडली असेल, तर जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून सर्जनना दाखवा. तिथे अजून धोका शिल्लक आहे.

इन्सुलिनोमा ही स्वादुपिंडातली बहुधा साधी, छोटी गाठ. पण ती इन्सुलिन सोडत राहते. रुग्ण पहाटे उपाशीपोटी गोंधळतो, घाम येतो, कधी झटका येतो, साखर दिली की ठीक होतो. अशा रुग्णांवर फिट्सचे किंवा मानसिक आजाराचे उपचार वर्षानुवर्षं चालू राहिल्याचं घडतं. त्रास होत असताना रक्तातली साखर मोजली तर वाट सापडते.

तरुण मुलींमध्ये आढळणारा सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर नावाने भयंकर वाटतो, पण पूर्ण काढल्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात. याउलट, यकृताच्या दाराशी दोन नळ्या मिळतात तिथला पित्तनलिकेचा कर्करोग, ज्याला गेराल्ड क्लॅटस्किन यांच्या १९६५ च्या लेखामुळे क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात, आकाराने लहान असूनही अवघड जागी असतो आणि त्यासाठी बहुधा यकृताचाही मोठा भाग काढावा लागतो.

आणि काही आजारांना ऑपरेशनच नको असतं. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस स्कॅनवर हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो आणि स्टेरॉइडने विरघळतो. शंका असेल तर आयजीजी-४ ही रक्ततपासणी करायची का, ते विचारा. यकृतातला हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, त्रास देत नसेल तर त्याला सहसा हात लावत नाहीत. यकृतातली हायडॅटिड सिस्ट, म्हणजे कृमीमुळे झालेली पाण्याची पिशवी, मात्र कुणालाही सहज सुई टोचू देऊ नका. आतलं पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि आजार पसरतोही.

कर्करोगाचा अंदाज घेण्यासाठी करतात त्या सीए १९-९ या रक्ततपासणीच्या आकड्याने आमची झोप उडवली होती. नळी तुंबलेली असताना हा आकडा कर्करोग नसतानाही चढतो. काही माणसांच्या शरीरात तो तयारच होत नाही, त्यामुळे कर्करोग असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. कावीळ उतरल्यावर तपासणी पुन्हा करा आणि त्या एका आकड्यावर मन बांधू नका. तसंच, स्कॅन स्पष्ट असेल आणि गाठ काढण्याजोगी असेल तर सर्जन बायोप्सीशिवायही ऑपरेशन सुचवतात. ही निष्काळजी नाही. कारण मात्र विचारून घ्या.

४. हे काम नेहमी करणारा चमू शोधा

अमेरिकेतल्या मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी आरोग्यविम्यातल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये आला. स्वादुपिंड काढण्याची ऑपरेशनं वर्षाला एकापेक्षा कमी करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के होतं, वर्षाला १६ पेक्षा जास्त करणाऱ्यांत ३.८ टक्के. फरक फक्त सर्जनच्या हातात नसतो. चौथ्या दिवशी रात्री रक्तस्राव सुरू झाला तर तो कुणाच्या लक्षात येतो आणि तो थांबवणारा माणूस किती वेळात हजर होतो, त्यावरही जीव अवलंबून असतो. म्हणून पहिल्या भेटीत हे विचारा:

- अशी किती ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला होतात?
- गळती किंवा रक्तस्राव झाला तर रक्तवाहिनीतून उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट रात्रीही उपलब्ध असतात का?
- सर्जन, गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस पाहणार का?
- पोट उघडल्यावर गाठ काढता येत नाही असं दिसलं, तर पुढे काय?

हे प्रश्न विचारताना मला संकोच वाटत होता. ज्या सर्जननी शेवटी ऑपरेशन केलं त्यांनी वही पुढे ओढली, आकडे लिहिले आणि बाबांना गाठीचं चित्र काढून दाखवलं. दुसरं मत घेतल्याने चांगला डॉक्टर दुखावत नाही.

५. फाइल अशी लावा

- सीटी आणि एमआरआयच्या मूळ प्रतिमा, सीडी किंवा पेन ड्राइव्हमध्ये. छापील फिल्म आणि रिपोर्ट पुरत नाहीत, सर्जनना चित्रं पडद्यावर सरकवून पाहायची असतात. सीडी उघडते का ते घरी तपासा. आमची एक रिकामी निघाली.
- बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन यांचा तारीखवार तक्ता, एकाच पानावर.
- बायोप्सीचा रिपोर्ट, आणि त्याबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक. दुसरे पॅथॉलॉजिस्ट रिपोर्ट वाचून नव्हे, पट्ट्या पाहून मत देतात.
- ईआरसीपीचा अहवाल, स्टेंटची तारीख.
- चालू औषधं, मात्रेसह. रक्त पातळ करणारी औषधं लाल शाईने.
- ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं, रक्तगट.
- विम्याची कागदपत्रं आणि ओळखपत्राच्या प्रती.

मूळ कागद कुणालाही देऊन मोकळे होऊ नका. प्रत द्या, किंवा पोच घ्या.

६. ऑपरेशनआधीचे आठवडे वाया घालवू नका

आमच्या वाट्याला आलेले सहा आठवडे शेवटी कामी आले. आहारतज्ज्ञांनी प्रथिनं वाढवली, बाबा रोज दोन वेळा चालले, फुंकणीसारख्या श्वासाच्या यंत्रावर तीन गोळे वर उचलायला शिकले. धूम्रपान सुटायला निदान चार आठवडे आधी सुरुवात हवी.

तुंबलेल्या काविळीत व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. अॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेलं ऑपरेशन सुरुवातीला दोन टप्प्यांत व्हायचं. व्हिटॅमिन के हाताशी आल्यावर १९४० मध्ये ते एकाच टप्प्यात करता आलं. आयएनआर वाढलेला असेल तर इंजेक्शन दिलंय का, ते बघा. खाजेवर कोलेस्टिरामिन दिलं असेल तर ते इतर औषधांपासून काही तासांच्या अंतराने घ्यायचं, नाहीतर ते त्या औषधांनाही धरून ठेवतं.

स्वादुपिंडाची शेपटी काढताना प्लीहाही काढावी लागणार असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्याव्यात. हे अनेकदा राहून जातं.

यकृत कापायचं असेल तर किती उरणार हा कळीचा प्रश्न. निरोगी यकृताचा साधारण २५ ते ३० टक्के भाग उरला तरी चालतं, कारण यकृत पुन्हा वाढतं. सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होण्याचा आजार, असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास लागतो. उरणारा भाग कमी पडत असेल तर काढायच्या बाजूचा रक्तपुरवठा आधी बंद करतात आणि दुसरी बाजू वाढायला काही आठवडे देतात. त्याला पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन म्हणतात. ही वाट पाहणं म्हणजे उपचारच आहे, दिरंगाई नव्हे.

७. ऑपरेशनचा दिवस

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधी जठराचा थोडा भाग काढतात. मग तीन जोड करतात: स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर, तिन्ही आतड्याला. पाच ते आठ तास लागू शकतात. वेळ लांबला म्हणून वाईटच समजू नका. लवकर बाहेर आले म्हणून हायसंही वाटून घेऊ नका, आजार पसरलेला दिसल्यास सर्जन गाठ न काढता थांबतात. ही शक्यता रुग्णाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. बाबा स्वतः म्हणाले होते, "तसं झालं तर मला तूच सांग, डॉक्टरांआधी."

८. वॉर्डमध्ये ड्रेनकडे लक्ष ठेवा

तीन जोडांपैकी सगळ्यात नाजूक स्वादुपिंडाचा. तिथून रस गळला तर तो आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना खातो. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनच्या, म्हणजे पोटातला द्रव बाहेर आणणाऱ्या नळीच्या, पाण्यातलं अमायलेज हे पाचकद्रव्य तपासतात. ते रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर गळती असू शकते. बऱ्याच गळत्या ड्रेन ठेवून, वेळ देऊन आपोआप बंद होतात.

मी रोज सकाळी ड्रेनच्या पिशवीचा रंग आणि मोजमाप वहीत लिहायचे. पहिले दोन दिवस पाणी कोकमासारखं लालसर, मग गव्हाळ पिवळं. पाचव्या दिवशी ते अचानक गढूळ, मातकट झालं. मी सिस्टरना वही दाखवली, तासाभरात सीटी झाला आणि साचलेला द्रव सुईने काढला. हिरवट पाणी, ताजं लाल रक्त, ताप, नाडी जलद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर राउंडची वाट पाहू नका. ड्रेनमध्ये किंवा उलटीत थोडंसंच रक्त दिसून थांबलं तरी लगेच सांगा. मोठ्या रक्तस्रावाआधी असा इशारा मिळू शकतो.

जठर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, हलत नाही. नाकातली नळी पुन्हा घालावी लागते. बाबांचा धीर सगळ्यात जास्त इथेच सुटला. हे नेहमीचं आहे आणि जठर परत चालू होतं, हे रुग्णाला पुन्हा पुन्हा सांगा.

९. घरी आल्यावर

स्वादुपिंड कमी झालं की पाचकरस कमी पडतात. शौच चिकट, तेलकट, तरंगणारी होते आणि वजन घटत राहतं. उपाय म्हणजे एन्झाइमच्या कॅप्सूल. मुख्य जेवणाला साधारण २५,००० ते ५०,००० युनिट लायपेजपासून (चरबी पचवणारं एन्झाइम) सुरुवात करतात, मात्रा डॉक्टर ठरवतात. आम्ही पहिले तीन आठवडे कॅप्सूल जेवण झाल्यावर देत होतो आणि वजन चार किलो उतरलं. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते, दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्ये. चावायची नाही, गरम पेयाबरोबर घ्यायची नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, कुणाला त्याची अडचण असेल तर आधीच बोला. जेवण थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.

साखर वेळोवेळी तपासा, मधुमेह नव्याने होऊ शकतो. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं कमी पडतात. कर्करोगाच्या ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या टाळणारी इंजेक्शनं घरी काही आठवडे चालू राहू शकतात. डिस्चार्जच्या दिवशी ती टोचायला शिकून घ्या.

पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट यायला एक-दोन आठवडे लागतात. त्यात तीन गोष्टी शोधा: गाठीचं नेमकं नाव, कडा मोकळ्या आहेत का, आणि तपासलेल्या किती लसिका ग्रंथींपैकी किती बाधित आहेत. आर-शून्य म्हणजे कडेला गाठीच्या पेशी सापडल्या नाहीत. पुढे केमोथेरपी हवी की नुसती देखरेख, हे त्यावर ठरतं.

पित्तनलिका आतड्याला जोडलेल्या माणसाला पुढे केव्हाही, वर्षांनंतरही, थंडी वाजून ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. जोड अरुंद झाला असेल. प्लीहा काढलेल्याचा तापही तितकाच तातडीचा. बाबांच्या पाकिटात मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून एक चिठ्ठी ठेवली आहे, कारण रात्रीच्या अनोळखी डॉक्टरला पोटावरची खूण पाहून सगळं कळत नाही. तिच्यावर लिहिलंय: व्हिपल ऑपरेशन झालं आहे, तारीख. पित्तनलिका आतड्याला जोडलेली आहे. ताप आणि थंडी असेल तर ताबडतोब ब्लड कल्चर आणि सोनोग्राफी करा. नेहमीची ईआरसीपी करण्याआधी खालच्या क्रमांकावर सर्जनना फोन करा.